छप्पर नसलेले देव

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटी ओलांडून गुजरातच्या दिशेने निघालं, की विवळवेढ्याजवळ गाड्यांची रांग लागते. महालक्ष्मीची जत्रा भरलेली असते. सुक्या मासळीचे ढीग, कांद्याच्या गोणी, मिरची, मीठ, टोपल्या, विळे-कोयते, ॲल्युमिनियमची भांडी आणि मागे आकाशपाळणे. साधारण पंधरा दिवस चालणाऱ्या या जत्रेत डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडची आणि सीमेपलीकडच्या गुजरातची आदिवासी कुटुंबं पावसाळ्याची बेगमी करून घरी जातात. देवदर्शन आणि बाजार इथे एकाच फेरीत उरकतात.

महामार्गालगतचं देऊळ सगळ्यांना दिसतं. शिखर, सभामंडप, दर्शनाची रांग, ट्रस्टचा कारभार, वाहनतळ. मान वर करून पाहिलं की मागे मुसळ्या डोंगराचा सुळका आणि त्यावरचं निशाण दिसतं. जत्रेत रात्रीच्या अंधारात वाघाडी गावच्या सातवी घराण्यातला पुजारी ते निशाण घेऊन सुळका चढतो. निशाण देण्याचा मान जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा. देवी मुळात डोंगरावरच राहायची, असं इथले लोक सांगतात. एक गरोदर भक्तीण चढताना घेरी येऊन पडली, तेव्हा देवीने तिला सांगितलं, तू आता वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते.

पायथ्याशी आलेल्या देवीला देऊळ मिळालं, पुढे महामार्गही मिळाला. सुळक्यावर निशाण तेवढं आहे. तरीही निशाण चढल्याखेरीज जत्रा पुरी झाली, असं कुणी मानत नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी सार्वजनिक जागेवरचा धर्म आणि सरकार हा विषय दिला, तेव्हा कुणीही मोठ्या शहरांतली वादग्रस्त स्थळं गाठली असती. मी डहाणू-तलासरीकडे वळलो. या वादातली जवळपास सगळी भांडणं बांधकामाची असतात. भिंत कुणी घातली, घुमट कुणाचा, जागा कुणाच्या नावावर. या दोन तालुक्यांत मात्र बहुतेक देवांना भिंतच नाही. त्यामुळे सरकार आणि धर्म यांच्यातलं अंतर कसं मोजायचं, हा प्रश्न इथे फार वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो आणि माझ्या मते अधिक खराही होतो.

अ, ब आणि क

२९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की रस्ते, उद्यानं आणि इतर सार्वजनिक जागांवर यापुढे देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये आणि आधीच झालेल्या बांधकामांचा राज्यांनी एकेक करून विचार करावा. महाराष्ट्र शासनाने ५ मे २०११ च्या निर्णयाने त्याची पद्धत ठरवली. नियमित करण्याजोगी स्थळं 'अ' वर्गात, पाडायची 'ब' वर्गात, हलवायची 'क' वर्गात. पुढे मुंबई उच्च न्यायालयात सोसायटी फॉर फास्ट जस्टिसच्या याचिकेवर सुनावण्या झाल्या आणि महापालिकांना याद्या, हरकती, मुदती यांच्या मागे लागावं लागलं.

मला हा आदेश आवश्यक वाटतो. पदपथावर एका रात्रीत उगवलेल्या मंदिराने किंवा दर्ग्याने चालणाऱ्याची वाट अडवली, तर सरकारने धर्म न पाहता ते हलवलं पाहिजे. पण ही सगळी यंत्रणा एका गोष्टीवर उभी आहे. समोर बांधकाम हवं. पंचनाम्यात लांबी, रुंदी, उंची लिहायची असते. बांधकाम कधी झालं, हे ठरवायचं असतं. विश्वस्त कोण, ते विचारायचं असतं.

आता तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर चला. पाड्याबाहेर साग किंवा ऐनाच्या झाडाखाली कमरेइतकी लाकडी फळी रोवलेली आहे. तिच्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, शेंदूर माखलेला, खाली दोन-चार दगड. हा वाघ्या, वाघदेव. त्याला विश्वस्त नाहीत, कुंपण नाही, दानपेटी नाही. लाकूड उन्हापावसात कुजतं, मग भगताच्या हातून नवी फळी बसते. फळी नवी, देव जुनाच. हे स्थळ किती सालचं, असं महसूल खात्याने विचारलं तर काय सांगणार? कोरलेलं लाकूड पाच वर्षांचं असेल आणि जागा कित्येक पिढ्यांची.

वाघ्या अ, ब, क यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. तो अनधिकृत ठरत नाही, हे बरंच झालं. पण तो अधिकृतही होत नाही आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

वाघबारस

शहरात दिवाळी वसुबारसेने सुरू होते. इथल्या पाड्यांवर त्याच सुमारास वाघबारस असते. गुराखी घरोघरचे तांदूळ गोळा करतात, वाघ्याला शेंदूर लावतात, नारळ फुटतो, कोंबडा कापला जातो आणि रानातच रांधून सगळे मिळून जेवतात. वर्षभर गुरं रानात सुखरूप राहावीत, यासाठीची ही विनवणी. आता या जंगलात वाघ राहिलेला नाही. बिबट्या आहे आणि वाघ्याला त्याचंही चालतं.

वारल्यांचे देव असेच कामात गुंतलेले आहेत. कणसरी ही धान्याची, नारनदेव पावसाचा, हिमाय डोंगरातली. हिरवा हा घरातला देव, मोरपिसांच्या जुडीच्या रूपात जपलेला. लग्नात चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते आणि तिच्या साक्षीने लग्न लावणारी धवलेरी ही बाई असते. इथे लग्नाला ब्राह्मण लागत नाही आणि देवळाचीही गरज पडत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे सगळं जग पांढऱ्या रंगात कागदावर आणि कापडावर आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, देशोदेशी प्रदर्शनं झाली. पालघट आज विमानतळांच्या भिंतींवर आणि साड्यांच्या पदरांवर दिसते. त्याच तालुक्यातल्या गावदेवाच्या जागेची सातबाऱ्यावर मात्र बहुधा नोंद नसते. तिथे सरकारी पड, गुरचरण किंवा वन असं लिहिलेलं असतं.

ओटा, पत्रा, स्लॅब

उघड्यावरच्या देवाला छप्पर कसं मिळतं, हे एखाद्या गावी नीट विचारलं की क्रम जवळपास सारखाच ऐकू येतो. आधी कुणी नवस फेडायला सिमेंटचा ओटा बांधून देतं. मग पावसात पूजा नीट व्हावी म्हणून चार खांब आणि पत्रा. निवडणुकीच्या आधी स्लॅबचं आश्वासन. स्लॅब पडली की आत रिकामं वाटू लागतं, म्हणून बाजारातून संगमरवरी मूर्ती येते. मूर्ती आली की प्राणप्रतिष्ठा, प्रतिष्ठेला बाहेरचा पुरोहित, पुरोहिताने सांगितलेले नियम. मग कोंबडा चालत नाही, ताडी चालत नाही. भगत कडेला उभा राहतो. ज्यांच्या देवासाठी हे सगळं झालं, त्यांचीच पूजा त्या जागी अवघड होऊन बसते.

या प्रवासात सरकार कुठे येतं? खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. प्रार्थनास्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या जमिनीवर त्या निधीतून काम करता येत नाही. म्हणून कागदावर 'सामाजिक सभागृह' लिहिलं जातं आणि ते देवळाला खेटून उभं राहतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यातला माणूस हे जाणतो. शिवाय ग्रामीण तीर्थक्षेत्र विकास योजना आहे. तिच्यात जिल्हा पातळीवर 'क' वर्गाचा दर्जा मिळालेल्या स्थळांना भक्तनिवास, स्वच्छतागृहं, पेव्हर ब्लॉक, रस्ता यांसाठी पैसे येतात. जत्रेला येणाऱ्या लाखो माणसांना पाणी आणि शौचालयं द्यायलाच हवीत, त्यावर माझा आक्षेप नाही. राज्यघटनेचं कलम २७ सांगतं, की विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी म्हणून कुणावर कर लादता येणार नाही. २०११ मध्ये हजच्या अनुदानावरील याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला, की कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वळवला तर या कलमाचा भंग होईल, थोडा खर्च झाला म्हणून नव्हे. सोयींसाठी एवढी जागा पुरेशी आहे.

माझा आक्षेप दर्जा देण्याच्या रीतीला आहे. प्रस्तावाला ट्रस्ट लागतो, नोंदणी लागते, जागेचा उतारा लागतो, पूर्वीचं बांधकाम लागतं. वाघ्याकडे यातलं काहीच नाही. म्हणजे सर्व धर्मांपासून समान अंतर राखतो म्हणणारं सरकार प्रत्यक्षात बांधणाऱ्या धर्मांशीच व्यवहार करू शकतं आणि न बांधणाऱ्याला बांधायच्या वाटेवर ढकलतं. अमुकच धर्म वाढावा, असं त्यात कुणाच्या मनात नसेलही. अर्जाचा नमुनाच तसा छापलेला आहे.

अमेरिकेतले असे वाद आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २७ जून २००५ या एकाच दिवशी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातला दहा आज्ञांचा दगड राहू दिला आणि केंटकीच्या न्यायालयांत लावलेल्या त्याच आज्ञांच्या तसबिरी घटनाबाह्य ठरवल्या. दगडामागचा हेतू, त्याचं वय, भोवतालची इतर स्मारकं यांचा न्यायमूर्तींनी बारकाईने कीस पाडला. तो सगळा काथ्याकूट डोळ्यांना दिसणाऱ्या, कुणीतरी उभारलेल्या वस्तूचा होता. वस्तूच नसेल तेव्हा काय, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

तलासरीचे झेंडे

तलासरी हा धर्माच्या राजकारणातला जुना आखाडा आहे. २३ मे १९४५ रोजी याच तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार देण्याचं ठरलं. गोदावरी आणि श्यामराव परुळेकर या लढ्याचे पुढारी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. लाल बावट्याची पकड इथे तेव्हापासूनची आहे आणि २०१९ व २०२४ मध्येही डहाणू मतदारसंघातून मार्क्सवादी पक्षाचाच आमदार निवडून आला. त्याच तालुक्यात जेझुइट मिशनच्या शाळा आणि वसतिगृहं आहेत. तिथेच विश्व हिंदू परिषदेचं वसतिगृह आहे, ज्याच्या उभारणीत माधवराव काणे यांचं आयुष्य गेलं. आदिवासी एकता परिषदेचे कार्यकर्तेही आहेत. ते सांगतात, की आम्ही निसर्गपूजक, आम्हाला यांपैकी कोणत्याही खान्यात घालू नका.

या सगळ्यांनी शिक्षण दिलं, हे मान्य करायला हवं. सरकारी शाळा पोचण्याआधी ज्यांनी वारल्यांच्या मुलांना पाटी दिली, त्यांचं काम मोठंच आहे. पण मुलांना शिकवता शिकवता त्यांचे आजोबा कोणत्या धर्माचे, हेही ठरवण्याची चढाओढ लागली आणि ती अजून संपलेली नाही. अलीकडे ती अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळण्याच्या मागणीभोवती फिरते. धर्म बदललेल्या आदिवासींच्या सवलती काढा, असं एक बाजू म्हणते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही. जमात ही जन्माने, रूढीने आणि भूमीने ठरते, असं घटनेने धरलं. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदाही अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. लग्न आणि वारसा यांत राज्याने आदिवासींची रूढी मान्य केली आहे. जनगणनेत मात्र आदिवासी धर्माचा स्वतंत्र रकाना १९५१ पासून गेला. झारखंड विधानसभेने २०२० मध्ये सरना धर्माच्या रकान्याचा ठराव केला, केंद्राने तो अजून स्वीकारलेला नाही. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. त्याआधी प्रगणक पाड्यावर येईल, धर्म विचारील आणि वाघ्याची पूजा करणारं घर बहुतेक वेळा न विचारताच एका रकान्यात जाईल.

ही चढाओढ किती विषारी होऊ शकते, ते १६ एप्रिल २०२० च्या रात्रीनंतर दिसलं. टाळेबंदीच्या काळात मुलं पळवणारे फिरताहेत, अशी अफवा पसरली होती. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीचालकाला पोलिसांच्या देखत ठेचून मारलं. त्या हत्येला क्षमा नाही. पण मृतदेह हलले न हलले तोच दूरचित्रवाणीवर मारेकऱ्यांचा धर्म शोधणं सुरू झालं. कुणी मुसलमानांकडे बोट दाखवलं, कुणी मिशनकडे, कुणी कम्युनिस्टांकडे. गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावं लागलं. अफवा का पसरली, टाळेबंदीत त्या गावांपर्यंत खरी माहिती कोण पोचवत होतं, पोलीस चौकी किती लांब होती, या प्रश्नांकडे फार थोड्यांनी पाहिलं. अख्ख्या आदिवासी पट्ट्याकडे बाहेरच्यांनी संशयाने पाहावं, एवढं मात्र साधलं गेलं.

डोंगराने सांभाळलेला अग्नी

याच भूमीत दुसरी गोष्टही घडून गेली आहे. बोर्डी-आसवलीच्या बाजूला बारडाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळ खडकात कोरलेल्या बहरोटच्या गुहा आहेत. पारशी परंपरा सांगते, की संजाणवर सुलतानाचं सैन्य चालून आलं, तेव्हा इराणशाह हा पवित्र अग्नी घेऊन पुजाऱ्यांनी इथे आसरा घेतला आणि बारा वर्षं तो इथे तेवत ठेवला. पुढे वांसदा, नवसारी असा प्रवास करत १७४२ मध्ये तो उदवाड्याला स्थिरावला. आज गुहा संरक्षित स्मारक आहेत आणि पारशी-इराणी भाविक चढण चढून तिथे येतात.

चढ बराच दमवतो, वाट रानातून जाते. वर गेल्यावर हे कळतं, की बारा वर्षं अग्नी जागता ठेवायचा, तर सरपण कुणीतरी तोडून आणलं असणार, पाणी कुणीतरी दाखवलं असणार, वाट कुणीतरी गुप्त ठेवली असणार. ग्रंथांत त्या माणसांची नावं नाहीत. पण त्या काळीही हे रान निर्मनुष्य नव्हतं. इथे आलेल्या परक्या देवाला कुणी रकाना विचारला नाही. पुरातत्त्व खात्याला गुहा दिसते, कारण ती कोरलेली आहे. डोंगर मात्र कुठल्या यादीत नाही.

तेरा कामांची यादी

हे सगळं तातडीचं झालं आहे, ते जमिनीमुळे. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग, तिन्ही पालघर जिल्ह्यातून जातात. वाढवणच्या ७६,२२० कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथले मच्छीमार समुद्रातल्या शंखोदरच्या खडकांना पवित्र मानतात आणि बंदराला विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात मासेमारीसोबत तीही जागा आहे.

भूसंपादनात जमीन मोजली जाते, झाडं मोजली जातात, बांधकाम मोजलं जातं. झाडाखाली देव असेल, तर मोबदला झाडाचा निघतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसन वसाहतीत पूजास्थळ बांधून देण्याची तरतूद आहे. पण डोंगरातली हिमाय पुनर्वसनाच्या प्लॉटवर येऊन राहत नाही.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमिनीवर करता येणाऱ्या तेरा कामांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, तलाव, समाजमंदिर अशी. प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन आणि ग्रामसभेची शिफारस लागते. प्रार्थनास्थळ त्या यादीत नाही. म्हणजे जंगलात सरकारी संमतीने नवं देऊळ किंवा चर्च उभं करायला या कायद्यात वाट नाही. मला ही या कायद्याची सुज्ञ बाजू वाटते. त्याच कायद्याच्या नियम १३ मध्ये दाव्याच्या पुराव्यांची यादी आहे. वस्ती किती जुनी, हे सिद्ध करायला विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळं पुरावा म्हणून चालतात. नवं बांधायला मुभा नाही आणि जुन्या बिनभिंतीच्या स्थळाला साक्षीदाराचा मान आहे. सरकार आणि धर्म यांच्यातलं इतकं समंजस अंतर मी आपल्या दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेलं नाही.

ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हाच धागा पुढे नेला. डोंगर हा डोंगरिया कोंधांचा देव आहे की नाही आणि खाणीमुळे त्यांच्या श्रद्धेला बाधा येते की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावं असा निकाल झाला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तिकडे अमेरिकेत ॲरिझोनाचं ओक फ्लॅट हे अपाची लोकांचं पवित्र पठार तांब्याच्या खाणीला द्यायला विरोध करणारी याचिका तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ऐकायलाच नकार दिला. दहा आज्ञांच्या दगडावर इतका विचार करणाऱ्या न्यायालयाला बिनबांधकामाच्या पठारासाठी एक सुनावणीही देता आली नाही.

ठरावाची वही

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. पेसा कायद्याच्या कलम ४(घ) प्रमाणे रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव घोषित करून घेता येतं आणि त्याची वेगळी ग्रामसभा होते. याचा उपयोग भूसंपादनाला हरकत घेताना होतो, तेही बहुधा नोटीस आल्यावर, घाईघाईने. तेव्हा लिहिलेल्या ठरावात देवाचं नाव आलं, तर अधिकारी विचारतात, की हे स्थळ आजवर कुठे नोंदलं होतं?

तो प्रश्न येण्याआधी उत्तर लिहून ठेवता येतं. वाघ्या कुठे, गावदेव कुठल्या झाडाखाली, हिमाय कुठल्या डोंगरात, पूजा कधी, कोण करतं, कोणत्या पाड्यांचा मान कसा, हे ग्रामसभेने ठरावाच्या वहीत घ्यावं आणि सामुदायिक वनहक्काच्या नकाशावर खूण करावी. त्याला ट्रस्ट लागत नाही, बांधकाम तर लागतच नाही. सभागृहाचा प्रस्ताव असो, तीर्थक्षेत्राचा दर्जा असो, क्रूस किंवा कमान उभारण्याची परवानगी असो, तहसीलदाराने आधी त्या पाड्याची ही वही मागवावी आणि तिथे पूर्वीपासून कोण आहे ते पाहावं. ज्या पाड्याला आपल्या देवावर स्लॅब हवी आहे, त्याने ती वर्गणीतून आणि स्वतःच्या ठरावाने घालावी. सरकारी निधीने कुणाच्या देवावर छप्पर घालू नये आणि सरकारी मोजणीने कुणाचा देव पुसू नये, एवढीच मागणी आहे. ती मान्य करायला नवा कायदा लागत नाही. भूसंपादनाची पुढची नोटीस निघायच्या आत पाड्यापाड्यावरच्या सभा भरवाव्या लागतील आणि त्यांत भगतांना आणि धवलेरींना बोलवावं लागेल, कारण जागा त्यांनाच माहीत आहेत.